हौसेच्या गाडीचे पासबुक

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला मात्र हे वचन अर्धेच खरे वाटते. हौसेला मोल असते. फक्त ते खरेदीच्या पावतीवर लिहिलेले नसते. जुन्या मोटारीच्या, आणि त्यातही जुन्या स्पोर्ट्स कारच्या हौसेत याचा जितका रोकडा अनुभव येतो तितका अन्य छंदांत क्वचितच येत असेल. दोन-अडीच लाखांत मिळालेली गाडी पाहून आप्तेष्ट अभिनंदन करतात, "स्वस्तात पडली हो" म्हणतात, आणि वर्षभराने मालक त्याच आकड्याकडे खिन्नपणे पाहत बसतो. या छंदाकडे वळू इच्छिणाऱ्या वाचकाला पुढचा आकडा आधीच दिसावा, एवढ्या हेतूने हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखकाने स्वतः ही चूक केलेली आहे, हे प्रारंभीच कबूल करून टाकतो.

'स्पोर्ट्स कार' म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे कोट्यवधी रुपयांची परदेशी गाडी उभी राहते. परंतु या प्रकाराचे मूळ बरेच साधे आहे. गेल्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये एमजी व ट्रायम्फ या कंपन्यांनी पगारदार माणसाला परवडतील अशा छोट्या, दोन आसनी, उघड्या छपराच्या गाड्या काढल्या. जपानच्या माझदा कंपनीने तीच कल्पना १९८९ मध्ये एमएक्स-५ या नावाने नव्याने मांडली, आणि २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. या गाड्यांत प्रचंड शक्ती कधीच नव्हती. हलके वजन, जमिनीलगत आसन, हाताला लगेच उत्तर देणारे स्टिअरिंग आणि तासाला साठ किलोमीटरच्या वेगातही मिळणारा आनंद, हेच त्यांचे भांडवल.

आपल्या देशात ही परंपरा रुजली नाही. परवाना पद्धतीच्या काळात चार माणसांची साधी मोटार मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेथे दोघांपुरती गाडी कोण बनविणार? बरे, परदेशातून जुनी आणावी म्हटले, तर सर्वसाधारण आयात नियमांनुसार वापरलेली मोटार तीन वर्षांहून अधिक जुनी असून चालत नाही. तेव्हा देशात जे आहे त्यातूनच निवड करावी लागते, आणि ती निवड बोटांवर मोजण्याइतकी आहे.

योगायोग असा की या मोजक्या गाड्यांपैकी दोन बेंगळुरूशी जोडलेल्या आहेत. येथील सिपानी ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी 'डॉल्फिन' नावाची मोटार काढली. ब्रिटनच्या रिलायंट किटन या गाडीवर ती बेतलेली होती. फायबरचे अंग, दोन दारे आणि ८४८ घन सेंटिमीटरचे इंजिन. तिला स्पोर्ट्स कार म्हणणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पण ती इतकी हलकी होती की त्या काळच्या रॅलीत भाग घेणाऱ्यांनी तिला आपलेसे केले. दुसरी गाडी मात्र खरोखरीची स्पोर्ट्स कार होती. कारखान्यांच्या यार्डातील छोटी रेल्वे इंजिने बनविणाऱ्या बेंगळुरूच्या 'सॅन' उद्योगाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी बाजारात आणली. तिची जुळणी गोव्यात होत असे. अंग फायबरचे, इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. आजची घरगुती हॅचबॅकही याहून अधिक शक्तिमान असते. पण स्टॉर्ममध्ये बसल्यावर रस्ता कमरेच्या उंचीवर येतो, आणि चाळीसच्या वेगालाही आपण उडत आहोत असे वाटू लागते. आता ही गाडी बनत नाही. ज्या थोड्या शिल्लक आहेत त्या हौशी माणसांच्या जिवावर चालत आहेत.

यांखेरीज मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड आहे. १९६१ पासून सुमारे दशकभर ती बनत होती. तिचे मूळ ट्रायम्फ हेरल्डमध्ये, आणि ट्रायम्फची प्रसिद्ध स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हेरल्डचीच चॅसिस आखूड करून उभी केलेली. म्हणजे हेरल्डचा मालक हा स्पिटफायरचा चुलतभाऊच. ज्यांना दोन आसनांचा आग्रह नाही, त्यांच्यासाठी २००० च्या आसपासच्या काही चपळ गाड्या आहेत: १९९९ ची फोर्ड आयकॉन १.६, व्हीटेक इंजिनाची पहिली होंडा सिटी, १०० अश्वशक्तीची फियाट पॅलिओ १.६. (पॅलिओची सचिन तेंडुलकरच्या नावाची 'एस-१०' आवृत्तीही निघाली होती. ती अंगणात असली की क्रिकेटवरची चर्चा हमखास सुरू होते.) या गाड्या स्वस्त मिळतात, सुटे भाग तुलनेने सापडतात, आणि नवशिक्याने खरे तर येथूनच प्रारंभ करावा. मी तसे केले नाही.

रंग आणि हाडे

२०१४ मध्ये माझी बदली बेंगळुरूला झाली. जुन्या गाड्यांच्या दृष्टीने हे शहर भाग्यवान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंची, खारी हवा नाही, उन्हाळा सौम्य. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथील हात. १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट, त्यानंतर आयटीआय, एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स असे कारखाने एकापाठोपाठ एक आले, आणि त्यांच्या आश्रयाने पीण्यासारख्या वसाहतींत लहान लहान लेथ-कारखाने वाढले. बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन नमुना दाखवून येथे करून घेता येते. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत तुम्ही भागाचे नाव सांगू नका, भागच काउंटरवर ठेवा. दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो आणि "हा अमुक गाडीलाही बसतो" असे सांगतो. बंद पडलेल्या कंपनीची गाडी बाळगणाऱ्याला या वाक्याचे मोल विचारावे.

अशा शहरात राहून मी २०१६ मध्ये गोव्याहून २००२ सालची लाल स्टॉर्म घेतली. किंमत १,९०,००० रुपये. रंग आरशासारखा. इंजिन पहिल्याच चावीला सुरू झाले. समुद्राकडेला एक फेरी मारली, आणि व्यवहार ठरला. गाडी उचलून तिचा तळ पाहण्याचे मला सुचले नाही, कारण फायबरच्या गाडीला गंज कसा लागेल, असा माझा समज होता.

ट्रकवरून बेंगळुरूला आलेली गाडी मी विल्सन गार्डनमधील एका वयस्क फिटरकडे नेली. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या याच शहरात गेल्या. मराठी कानडी वळणाची, पण अस्सल. त्यांनी गाडी रॅम्पवर चढविली, दिवा घेऊन खाली गेले, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टक् टक् वाजवीत राहिले. एका जागी आवाज बदलला. दुसऱ्या जागी स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला.

"साहेब, वरचा रंग बघितलात. खालची हाडं बघायची होती."

फायबर कुजत नाही हे खरे. पण फायबरच्या अंगाखाली लोखंडी सांगाडा असतो, आणि सारा भार तोच वाहतो. पत्र्याच्या गाडीचा गंज रंगाला फुगवटे आणून स्वतःच वर्दी देतो. फायबरची गाडी मात्र शेवटपर्यंत हसतमुख राहते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत चौदा पावसाळे काढलेल्या त्या सांगाड्याचा मागील सस्पेन्शनजवळचा जोड निम्मा खाल्ला गेला होता. म्हणून पहिला धडा असा, की जुनी गाडी पाहायला जाताना चांगले कपडे घालू नयेत. जमिनीवर आडवे झाल्याशिवाय गाडी दिसत नाही. वेल्डिंगचे जोड, सस्पेन्शन जेथे जखडलेले असते त्या जागा, जमिनीच्या पत्र्याच्या कडा आणि आसनांखालची जाजमे उचलून पाहावीत. तळाला नुकताच काळा रंग जाड थरात मारलेला दिसला, तर संशय वाढवावा. फायबरवर बिजागऱ्यांच्या आसपास कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील, तर एकतर धक्का बसलेला आहे किंवा आतला आधार सैल झाला आहे. या चिरा काचतंतूंचे कापड आणि रेझिन लावून नीट बुजविता येतात, ते काम मोठे नव्हे. छपराचे कापड ओले, गाडीत कुबट वास, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी, हेही खर्चाचेच, परंतु जिवावरचे नव्हे.

इंजिनाबाबत गाडी थंड असतानाच जावे. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर थंडीतील दोष झाकलेले असतात. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर पाणी तेलात मिसळत असण्याचा संभव असतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडे मोठे असण्यापेक्षा एकमेकांना जवळ असणे महत्त्वाचे. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक वाचावेत. '२३१९' असतील, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील. नक्षी कोरी असलेला बारा वर्षांचा टायर हा हौशी गाड्यांमधील नेहमीचा फसवा पाहुणा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, नुसतेच म्हातारे होतात. माझ्या गाडीचे चारही तसेच होते.

आणि काही झाले तरी एका फेरीत व्यवहार ठरवू नये. समुद्राकडेला तर नाहीच.

कागद

बँकेतील माणसाने येथे तरी चूक करू नये, आणि ती मी केली नाही, एवढेच समाधान. जुन्या गाडीचा तळ कुजका असेल तर वेल्डिंग करता येते; कागद कुजके असतील तर काही करता येत नाही.

आर. सी. वरील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. जुन्या गाडीचे इंजिन कधीतरी बदललेले असते आणि नोंद केलेली नसते. त्यानंतर कर्जाची तारण नोंद पाहावी. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाची नोंद आर. सी. वर तशीच राहिलेली आढळते, कारण मालकाने बँकेचे ना-हरकत पत्र घेतले पण नमुना ३५ भरून आर.टी.ओ.कडे कधी गेलाच नाही. येथे आमच्या शाखांतील तरुण सहकाऱ्यांनाही एक सूचना. अनेक आर. सी. वर आज अस्तित्वात नसलेल्या बँकांची नावे आहेत. स्टेट बँक ऑफ म्हैसूर २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. विजया बँक व देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत. अशा गाडीचा मालक काउंटरवर आला, तर "ती बँक आता नाही" असे उत्तर देऊन त्याला परत पाठवू नये. विलीन झालेल्या बँकेच्या नोंदींची जबाबदारी पुढच्या बँकेकडेच येते, आणि ते पत्र न मिळाल्यास त्याची गाडी विकता येत नाही.

विक्री नमुना २९ व ३० वर होते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर मूळ आर.टी.ओ.कडून नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्यास तिला या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो व राज्याचा कर भरावा लागतो. खरेदीच्या बेरजेत तो कर आणि गाडी आणण्याचे भाडे प्रथमपासून धरावे. विक्रेत्यानेही निष्काळजी राहू नये. गाडी दिली, पैसे घेतले, पण आर. सी. आपल्याच नावावर राहिली, आणि पुढे अपघात झाला, तर नुकसानभरपाईसाठी कायदा नोंदणीकृत मालकालाच धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांच्या आत कळवावे. विक्रेत्याचा 'नो क्लेम बोनस' त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणून सर्व बाजूंची छायाचित्रे व दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पंधरा वर्षांनंतर संपूर्ण विमा द्यायला अनेक कंपन्या नाखूष असतात. तृतीय पक्षाचा विमा मात्र सक्तीचाच, आणि २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १००० ते १५०० घन सेंटिमीटरच्या खासगी गाडीसाठी तो वर्षाला ३,४१६ रुपये अधिक कर एवढा आहे. या छंदातील सर्वांत स्वस्त खर्च बहुधा हाच.

गाडीत फेरफार करण्याचा मोह पुष्कळांना होतो: रुंद टायर, गर्जणारा सायलेन्सर, कापलेले छप्पर. हेरल्डचे छप्पर बोल्टांनी बसविलेले असल्याने तिच्यावर तर हे प्रयोग फारच झाले. कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील गाडी 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या क्रमांकमालिकेत नोंदविता येते. छप्पर कापलेल्या हेरल्डला ते दार बंद होऊ शकते. मूळ रूप राखणे ही रुचीची गोष्ट आहेच, ती आता मालमत्तेचीही झाली आहे.

पासबुक

आता पैशाकडे वळतो. बँकेच्या मासिकात 'वाहन कर्ज घ्या' असे लिहिणे स्वाभाविक ठरले असते. परंतु जुन्या वाहनाच्या कर्जाला गाडीच्या वयाची मर्यादा असते, आणि वीस-पंचवीस वर्षांची हौसेची गाडी तीत सहसा बसत नाही. बसली तरी मी घेऊ नका म्हणेन. ज्या वस्तूविना संसाराचे काही अडत नाही, ती वस्तू शिलकीतून घ्यावी.

शिलकीतून म्हणजे किती? माझ्या पहिल्या चौदा महिन्यांचा हिशोब असा झाला: सांगाड्याचे वेल्डिंग व रंग ४८,०००, सस्पेन्शनचे बुश व शॉक अॅब्झॉर्बर २२,०००, टायर १६,०००, ब्रेक १४,०००, क्लच १२,०००, टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप ९,५००, छपराचे कापड व रबरी पट्ट्या २१,०००, वाहतूक, कर व नोंदणी ३०,०००. बेरीज १,७२,५००. म्हणजे १,९०,००० ची गाडी ३,६२,५०० ला पडली. गाडी विकायला काढली असती, तर पुन्हा दोन लाखांच्या वर फारसे कोणी दिले नसते.

यातील ७५,००० रुपये मी मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून आणले. घरी सांगितले नाही. मुदतपूर्व मोडल्याने व्याजात कपात झाली ती वेगळीच. ठेवीवर कर्ज घेतले असते, तर ठेवीच्या दराहून सामान्यतः एक-दोन टक्के अधिक व्याजात काम झाले असते आणि ठेव शाबूत राहिली असती. ग्राहकांना हा सल्ला मी शेकडो वेळा दिला होता. मार्चअखेरीस कागदपत्रे लावताना पत्नीच्या हाती ती ठेव मोडल्याची नोंद आली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "अहो, गाडीसाठी किती लागणार हे तुम्हांला तरी ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. चौतीस वर्षे इतरांचे प्रकल्प अहवाल तपासणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या गाडीचा साधा अंदाजही लिहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनेच तोडगा काढला. गाडीच्या नावाने वेगळे बचत खाते. दरमहा ५,००० रुपये त्यात. प्रथम ठेवीचे पैसे परत, मग गाडीला. त्या खात्यात असेल तेवढाच खर्च. नसेल, तर गाडी उभी. पंधरा महिने गाडी कापडाखाली उभी राहिली. रविवारी सकाळी मी तिच्यात नुसताच जाऊन बसत असे. शेजाऱ्यांना वाटे, साहेब देवदर्शनाला निघाले.

त्या पंधरा महिन्यांनी मला जे शिकविले ते आकड्यांत मांडतो. गाडीसाठी चार लाख खर्चण्याची ऐपत असेल, तर गाडी दोन लाखांची शोधावी आणि उरलेले दोन लाख हात न लावता ठेवावेत. ऐपत आज नसेल, तर प्रथम आवर्ती ठेव उघडावी. दरमहा ५,००० प्रमाणे तीन वर्षांत मुद्दलच १,८०,००० होते, आणि या तीन वर्षांत माणूस शंभर गाड्या पाहून शहाणा झालेला असतो. तीन वर्षांनंतर हौस टिकली, तर ती खरी. उलट, सर्वांत स्वस्त गाडी घेऊन हळूहळू सुधारू हा विचार बहुतेक वेळा महाग पडतो. एका मालकाने मन लावून राखलेली, पावत्यांची फाइल असलेली गाडी पन्नास हजारांनी महाग असली तरी तीच घ्यावी. ती फाइल हीच त्या जादा पन्नास हजारांची पावती.

उभ्या गाडीची निगा

नव्या गाडीचे शरीर किलोमीटरने झिजते, हौसेच्या गाडीचे वर्षांनी. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर पाहून बदलायला गेलात, तर पाच वर्षे बदलणार नाही. तेल व फिल्टर दरवर्षी, ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी (ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि आतून गंज आणते), कूलंट दोन-तीन वर्षांनी, आणि रबरी टायमिंग बेल्ट पाच वर्षांनी, तो कितीही नवा दिसला तरी. स्टॉर्मचे इंजिन रेनॉच्या क्लिओ व ट्विंगो या गाड्यांतही होते आणि त्या युरोपात लाखोंनी खपल्या; त्यामुळे बेल्ट, गॅस्केट यांसारख्या वस्तू परदेशातून मागविता येतात. फायबरचे दार किंवा दिव्याची चौकट मात्र जगात कोठेच तयार मिळत नाही. म्हणून अशा गाडीच्या मालकाने इंजिनापेक्षा बंपरची काळजी अधिक घ्यावी. बेंगळुरूची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. येथील गतिरोधकांची उंचीही स्थानिक प्रेरणेवर ठरत असावी. बुटकी गाडी त्यावरून तिरकीच न्यावी, एकेक चाक चढवीत.

आठवड्यातून एकदा गाडी जागच्या जागी सुरू करून बंद करणे ही चुकीची समजूत आहे. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि बॅटरी खर्ची पडते. पंधरा दिवसांतून एकदा का होईना, वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी. पहाटे पाच वाजता देवनहळ्ळीच्या दिशेने निघालात, तर हा उपचार औषधासारखा वाटत नाही. नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबरात येथे परतीचा पाऊसही जोरदार येतो. पाणी साचलेल्या भुयारी मार्गात बुटकी गाडी कधीही घालू नये. हवा घेण्याची नळी खाली असते, आणि एक घोट पाण्याने इंजिन निकामी होते.

अलीकडची मोठी काळजी पेट्रोलची आहे. जुन्या वाचकांना आठवत असेल, १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा त्याआधीच्या फियाट, हेरल्ड यांसारख्या गाड्यांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याचा प्रश्न निर्माण झाला होता. तो पोलादी बैठका बसवून सुटला. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनविलेल्या नव्हत्या. इथेनॉल ओलावा ओढते, जुन्या रबराला मऊ करते, आणि कार्बोरेटरच्या गाड्यांत जस्त व अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी पूड आणते. यावरचा उपाय महाग नाही, पण टाळण्याजोगाही नाही: टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या बसवाव्यात, जोड दरवर्षी तपासावेत, आणि तेच पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नये. गरम इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पुरतो. माझ्या गाडीत आसनामागे लहान अग्निशामक असतो आणि त्याची मुदत पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेली असते.

त्या पासबुकात आणखी एक नोंद आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नमुना २५ वर ती वाढवावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मी यासाठी ६०० रुपये भरले. एप्रिल २०२२ पासून शुल्क वाढल्याने त्या वर्षी ५,००० भरले. २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० केले आहे, हरित कर वेगळा. पुढील तारीख नोव्हेंबर २०२७. फिटरकाका आता रोज गॅरेजमध्ये येत नाहीत, त्यांचा मुलगा येतो. पण तळाचे वेल्डिंग मीच पाहणार, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. पत्नीने गेल्या महिन्यापासून गाडीच्या खात्यात ५,००० ऐवजी ६,००० टाकायला सुरुवात केली आहे. मी कारण विचारले नाही.